‘पेशंट आहेत ना?’ : अतिदक्षता विभागात संशोधन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील संशोधनाची आखणी करणारे डॉक्टर, त्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांचे सदस्य आणि त्यासाठी निधी देणाऱ्या संस्थांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

ज्या अभ्यासात मी रुग्ण म्हणून सहभागी होते, त्याच्या कार्यालयाला मी दोनदा पत्र लिहिले होते. गेल्या महिन्यात त्यांचे चार ओळींचे उत्तर आले. सहभागी रुग्णांची वर्षभरानंतर तपासणी करण्याचे मूळ आराखड्यात ठरले होते, परंतु निधी आणि मनुष्यबळ यांच्या अभावी ते कलम वगळण्यात आले आहे, आणि ‘अभ्यासाच्या मुख्य निष्कर्षावर याचा परिणाम होणार नाही’, असे त्यात कळवले होते. हे पत्र मी त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहीत आहे. ते वाक्य खरे असेल, तर मुख्य निष्कर्ष म्हणून जे निवडले गेले त्याविषयीच काही बोलायला हवे. आणि ते केवळ त्या एका कार्यालयाशी बोलून भागणार नाही, म्हणून पत्र उघड लिहिले आहे.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. सव्वा वर्षापूर्वी मला न्यूमोनिया झाला, त्यातून सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था, झाली, आणि मी १६ दिवस व्हेंटिलेटरवर, २३ दिवस अतिदक्षता विभागात आणि एकंदर ३७ दिवस रुग्णालयात होते. दाखल झाले त्याच रात्री, मी शुद्धीवर नसताना, व्हेंटिलेटरवरील रुग्णाला ऑक्सिजन कमी द्यावा की जास्त, याची तुलना करणाऱ्या अभ्यासासाठी माझ्या पतींनी सही केली. त्यांनी केले ते योग्यच केले. मला विचारता आले असते तर मीही हो म्हटले असते. ज्यांनी मला वाचवले त्या डॉक्टरांविषयी, आणि विशेषतः रात्रपाळीच्या परिचारिकांविषयी, या पत्रात एकही तक्रार नाही. तक्रार आहे ती मी वाचल्यानंतर माझी जी मोजणी झाली तिच्याविषयी.

अभ्यासाच्या २८ व्या दिवशी माझ्या नावापुढे ‘जिवंत’ अशी नोंद झाली. त्या दिवशी मी वॉर्डात होते. चमचा तोंडापर्यंत नेताना हात अर्ध्यातूनच खाली पडत होता, आणि साधे पाणी श्वासनलिकेत उतरून ठसका लागत असल्यामुळे मला ते दाट करून चमच्याने पाजले जात होते. ९० व्या दिवशी घरी फोन आला. मी पतींच्या शेजारीच बसले होते. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारले, ‘पेशंट आहेत ना?’ हे म्हणाले, ‘हो, आहेत.’ तिने आभार मानले आणि फोन ठेवला. सगळे मिळून मिनिटभराचेही बोलणे नव्हते. फोन माझ्याकडे देण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मला विचारावे असे तिच्यासमोरच्या कागदावर काही नसावे. त्या सुमारास मला जिन्याच्या चार पायऱ्या चढल्यावर खाली बसावे लागे, आणि वर्तमानपत्रातील एक परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात आठवत नसे.

मोजणी मृत्यूपासून का सुरू झाली, हे मला कळते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या सूचनेवरून शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला आणि त्यातून अतिदक्षता विभागाची कल्पना उभी राहिली. त्या खोल्यांमध्ये ‘रुग्ण सकाळी जिवंत आहे का’ यापेक्षा मोठा प्रश्न असूच शकत नव्हता. पुढेही हाच प्रश्न विचारून मोठे ज्ञान मिळाले. फुप्फुसे निकामी होत असलेल्या ८६१ रुग्णांवरील २००० सालच्या अमेरिकी अभ्यासात, व्हेंटिलेटरने दर श्वासाला कमी हवा दिल्यामुळे मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. त्या अभ्यासानंतर वाचलेल्या कित्येकांत कदाचित मीही आहे, त्यामुळे मृत्युदर मोजण्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही.

तरीही त्या मोजणीचा पुढचा प्रकार पाहावा. अनेक अभ्यासांत ‘व्हेंटिलेटरविना दिवस’ ही निष्पत्ती धरली जाते. पहिल्या २८ दिवसांपैकी रुग्ण जिवंत राहून किती दिवस यंत्राशिवाय होता हे मोजायचे, आणि मृत्यू झाला तर शून्य मांडायचे. माझी श्वासाची नळी सोळाव्या दिवशी निघाली, म्हणजे माझ्या खाती १२ दिवस जमा झाले. त्या बारा दिवसांपैकी पाच दिवस मी छताकडे पाहत, मला कैदेत ठेवले आहे अशा खात्रीने पडून होते. हिशेबात ते दिवस चांगल्या बाजूला मांडलेले आहेत.

आता तक्रारी क्रमाने मांडते. सगळ्यांचे वजन सारखे नाही, म्हणून सगळ्यांना सारखी जागाही देत नाही.

पहिली तक्रार अशी की जे आपल्याला ठाऊक आहे, ते आपण पुन्हा पुन्हा मोजायचे टाळता. कॅनडातील मार्गारेट हेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र श्वसननिकामीपणातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. फुप्फुसे बऱ्यापैकी सावरली होती, पण स्नायू झडले होते, आणि सहा मिनिटांत चालता येणारे अंतर वर्षानंतरही अपेक्षेच्या ६६ टक्केच होते. त्याच गटाचा पाच वर्षांनंतरचा वृत्तांत २०११ साली आला, तेव्हा ते ७६ टक्के होते. मेंदूविषयीचा मोठा अभ्यास २०१३ साली आला. त्यात ८२१ रुग्ण होते, आणि सुरुवातीला बुद्धीचा दोष त्यांच्यापैकी केवळ ६ टक्के रुग्णांत होता. वर्षानंतर तपासलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांचे आकलनाचे गुण डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्यांच्या पातळीवर होते, तर २४ टक्क्यांचे सौम्य अल्झायमरच्या रुग्णांच्या पातळीवर. हे केवळ वृद्धांपुरते नव्हते. शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींच्या या पडझडीला २०१२ साली ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे नावही मिळाले. म्हणजे नाव आहे, मोजण्याची साधने आहेत, आणि वाचलेल्या रुग्णांमध्ये किमान काय काय मोजावे याची तज्ज्ञ, रुग्ण आणि नातेवाईक यांनी मिळून ठरवलेली यादीही २०१७ पासून आहे. एवढे असूनही नव्या अभ्यासाच्या आराखड्यात ही मोजमापे आली तर परिशिष्टासारखी येतात, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यांनाच लागते.

माझ्यापुरते सांगायचे तर, मुद्रिते वाचताना एका पानावर ‘पश्चात्ताप’ आणि ‘पश्चाताप’ अशी दोन रूपे आली, तर पूर्वी माझा हात दुसऱ्या रूपावर आपोआप थांबत असे. आजारानंतर आठ महिन्यांनी मी कामाला बसले, तेव्हा दुसरे रूप येईपर्यंत पहिले मनातून पुसले गेलेले असे. चूक दिसत नव्हती असे नाही, पण ती धरून ठेवता येत नव्हती. एका प्रकाशकांनी मला फार जपून विचारले, ‘ताई, डोळे तपासून घ्यायचे का?’ मी खरोखरच चष्म्याचा नंबर बदलून आले, कारण अतिदक्षता विभागाचा स्मरणशक्तीशी काही संबंध असू शकतो हे मला कोणी सांगितले नव्हते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर सात औषधे होती, पण या विषयावर एक ओळही नव्हती.

दुसरी तक्रार भ्रमावस्थेविषयी आहे, आणि तिच्यावर मी थोडी थांबणार आहे. व्हेंटिलेटरवर असताना मला छताच्या चौकटींमधून मजकूर सरकताना दिसत असे. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या कोणीतरी छापायला नेत होते, आणि मला हात उचलता येत नव्हता. नळी ओढली जाऊ नये म्हणून माझी मनगटे मऊ पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली होती, हे मला नंतर कळले. तेव्हा मला एवढेच कळत होते की हे लोक मला चुका दुरुस्त करू देत नाहीत, म्हणजे यांचा काही कट आहे. मी धडपडले नाही. कट करणाऱ्यांना कळू नये म्हणून मी अगदी निपचित पडून राहिले. पुढे माझ्या कागदपत्रांची प्रत मिळाली, ती मी सवयीप्रमाणे शब्द न् शब्द वाचली. त्या दिवसांची नोंद आहे: ‘पेशंट शांत, सहकार्य करत आहे.’

आपल्याला हे नवे नाही. शांत प्रकारची भ्रमावस्था आरडाओरड करणाऱ्या प्रकारापेक्षा जास्त वेळा नजरेतून सुटते, हे आपणच लिहून ठेवले आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचीही खाटेशेजारी दोन-तीन मिनिटांत तपासणी करता येईल अशी पद्धत २००१ पासून उपलब्ध आहे. त्यात अक्षरे उच्चारून ठरावीक अक्षराला रुग्णाला हात दाबायला सांगतात. माझी ती अक्षरांची परीक्षा कोणी घेतली असती तर मी नापास झाले असते, आणि कोणाला तरी ते कळले असते. वर उल्लेख केलेल्या २०१३ च्या अभ्यासात ७४ टक्के रुग्णांना भ्रमावस्था झाली होती, आणि ती जितकी लांबली तितके पुढचे आकलन खालावलेले आढळले. मग ऑक्सिजनच्या, औषधांच्या, द्रवांच्या अभ्यासांत ही नोंद रोज का घेतली जात नाही? गुंगीचे औषध किती दिले, ते दिवसातून एकदा थांबवून रुग्णाला जागे करून पाहिले का, हात किती तास बांधले होते, या गोष्टी रक्तदाबाइतक्याच नियमाने लिहिल्या जायला हव्यात. गुंगी रोज थांबवल्याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात, हे १२८ रुग्णांच्या अभ्यासातून २००० सालीच दिसले होते.

स्नायूंविषयी एवढेच सांगते की ६३ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे सोनोग्राफीने माप घेतले, तेव्हा पहिल्या दहा दिवसांत त्याचा छेद सरासरी १७ टक्क्यांहून अधिक घटलेला आढळला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. माझी मांडी कोणी मोजली नाही. मी घरी आले तेव्हा माझ्या सलवारीत दोन जणी मावल्या असत्या.

तिसरी तक्रार जरा तांत्रिक वाटेल, पण माझ्या मते संशोधक म्हणून आपल्याला तीच सर्वांत जास्त सलायला हवी. पाठपुराव्यातून निसटलेल्या रुग्णांना आपण गळालेली माहिती समजता. पण निसटतो कोण? ज्याला जिना उतरता येत नाही, ज्याला तारीख लक्षात राहत नाही, ज्याला रुग्णालयाचा वास आला तरी घाम फुटतो, ज्याच्याबरोबर यायला कोणाला रजा मिळत नाही, तो निसटतो. तपासणीला येतो तो तुलनेने सावरलेला असतो, आणि त्याच्यावरून काढलेली सरासरी सगळ्यांची म्हणून छापली जाते. याची दुसरी बाजूही आहे. एखाद्या उपचाराने अधिक गंभीर रुग्ण वाचले, तर वाचलेल्यांची सरासरी प्रकृती उलट खालावलेली दिसेल आणि चांगला उपचार वाईट ठरेल. म्हणून मृत्यू आणि प्रकृती या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारे गणित लागते. ते गणित आपल्याकडे आहे, पण ते करायला आकडे लागतात, आणि आकडे मिळवायला कोणालातरी रुग्णाच्या घरी जावे लागते.

चौथी तक्रार संमतीची. माझ्या पतींनी सही केली. पण मी शुद्धीवर आल्यावर ‘तुम्ही या अभ्यासात आहात, पुढे राहायचे आहे का’ असे मला कोणीही विचारले नाही. मला अभ्यासाची माहिती दोन महिन्यांनी, घरातल्या फायलीत कागद सापडला तेव्हा झाली. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत, संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाला अभ्यासात घेतले असेल तर पुढे राहण्याची संमती शक्य तितक्या लवकर त्याच्याकडून किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीकडून घ्यावी, असे म्हटले आहे. नियमाच्या अक्षरात माझ्या पतींची सही कदाचित बसत असेल. पण मी जागी होते, वाचू शकत नसले तरी ऐकू शकत होते. अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय सहभागींना द्यावा, हेही त्याच जाहीरनाम्यात आहे. २०२४ च्या आवृत्तीत संघटनेने ‘सब्जेक्ट’ हा शब्द काढून ‘पार्टिसिपंट’ केला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो आता ज्याचा सहभाग आहे तो झाला. शब्द बदलणे हा माझाच धंदा असल्यामुळे मला त्याचे कौतुक आहे, पण प्रुफात केलेली दुरुस्ती छापील प्रतीत उतरली की नाही हे पाहणे हाही त्या धंद्याचाच भाग आहे.

पाचवी तक्रार घरच्यांची. माझे पती आजही रात्री दोनदा उठून माझा श्वास चालू आहे का ते पाहतात. कुटुंबीयांना होणाऱ्या या त्रासालाही आपल्या शास्त्रात नाव आहे. मोजणीत तो कुठेही नाही.

यावर आपल्याकडून काय उत्तर येईल, याची मला कल्पना आहे, आणि ते उत्तर पोकळ नाही. आपण म्हणाल, आम्ही प्रयत्न केले पण फायदा दिसला नाही. हे खरे आहे. २००९ साली १०४ रुग्णांच्या अभ्यासात, गुंगी थांबवून रुग्णाला लवकर हालचाल करायला लावल्यास रुग्णालयातून जाताना स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण ३५ वरून ५९ टक्क्यांवर गेले. २०२२ साली ७५० रुग्णांवर नेहमीपेक्षा अधिक हालचालीचा प्रयोग झाला, तेव्हा मात्र रुग्णालयाबाहेर जिवंत काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही, उलट हालचालीदरम्यानच्या अपायकारक घटना वाढल्या. २००९ सालीच परिचारिकांनी चालवलेल्या पाठपुरावा केंद्रांनी २८६ रुग्णांच्या जीवनमानात फरक पडल्याचे दिसले नाही. रुग्णाच्या दिवसांची रोजनिशी कोणीतरी लिहून ठेवावी या उपायाने २०१० साली आशा दाखवली आणि २०१९ च्या अभ्यासात ती टिकली नाही. म्हणून ‘सर्व रुग्णालयांत पुनर्वसन केंद्रे काढा’ अशी घोषणा मी करत नाही. कोणाला, केव्हा, किती हालचाल द्यावी हे अजून ठरलेले नाही, आणि चुकीच्या वेळी दिलेली सद्भावनाही अपाय करू शकते. पण याचा अर्थ इथे अधिक संशोधन हवे असा होतो. उपाय सापडला नाही म्हणून मोजणीच बंद करणे हे उत्तर मला पटत नाही. मृत्यूच्या बाबतीत आपण असे कधी केले नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना वेळ लागेल हे मला मान्य आहे.

नैतिकता समित्यांनी व्हेंटिलेटरवरील प्रौढ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासांना मंजुरी देताना, किमान सहा महिन्यांनंतरची आणि शक्य तिथे वर्षानंतरची शारीरिक, बौद्धिक व मानसिक प्रकृतीची तपासणी आराखड्यात असल्याची खात्री करावी, आणि ती मध्येच वगळायची असेल तर पुन्हा परवानगी घ्यायला लावावी. माझ्या अभ्यासातील कलम कोणी, कोणत्या बैठकीत वगळले, हे मला अजून समजलेले नाही.

निधी देणाऱ्यांनी पाठपुराव्याचे पैसे वेगळ्या शीर्षाखाली द्यावेत, जेणेकरून ते दुसरीकडे वळवता येणार नाहीत. त्यात घरी जाऊन तपासणी करणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च धरावा.

संशोधकांनी भ्रमावस्था, गुंगी आणि हात बांधण्याची नोंद रोज ठेवावी व निष्कर्षांसोबत छापावी. निसटलेल्या रुग्णांची संख्या तळटीपेत न टाकता, ते कोणत्या गटातले, किती आजारी होते, हे मुख्य मजकुरात द्यावे. रुग्ण शुद्धीवर आल्यावर अभ्यासाची माहिती देऊन त्याचे मत विचारावे, आणि अभ्यास संपल्यावर निष्कर्ष त्याला समजेल अशा भाषेत, एका पानात, पोस्टाने पाठवावेत. ते पान नीट मराठीत हवे असेल तर मी विनामोबदला तपासून देईन. आता मला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पण चुका सुटत नाहीत.

आणि आराखडा लिहिला जात असतानाच, छापून झाल्यावर नव्हे, अतिदक्षता विभागातून बाहेर आलेली एक-दोन माणसे आणि बाहेर बाकावर बसून राहिलेले त्यांचे एखादे नातेवाईक त्या टेबलाशी बसवावेत. त्यांना संख्याशास्त्र येणार नाही. फोनवर काय विचारायचे, हे मात्र ते सांगू शकतील.

एक वैयक्तिक विनंती. कमी ऑक्सिजन मिळालेल्या गटात मी होते की जास्त मिळालेल्या, हे मला आजवर कळलेले नाही. अभ्यास संपला असल्यास तेवढे कळवावे. पत्ता आणि फोन क्रमांक संमतिपत्रावर आहेत, आणि आता फोन मी स्वतः घेते.

आपली,
एक मुद्रितशोधक आणि आपल्या अभ्यासातील एक सहभागी